गोडाऊनचं मागचं दार

एका बाईच्या वर्कशीटवर मी लाल पेनने बरोबरची खूण केली. तिने तिथे दार काढलं होतं, आणि त्या दारामागे विटांची भिंत आहे हे खूण करताना मला माहीत होतं. ती भिंत मीच उभा राहून बांधून घेतली होती. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही. थोरल्या भावाला त्यातलं अर्धं माहीत आहे, बायकोला त्याहून कमी. उरलेलं मी एकटाच बाळगून आहे, आणि माझ्याच्याने आता ते होत नाही.

मी शाळेत मास्तर आहे. भिवंडीत फ्लॅटमध्ये राहतो. मूळ घर राहनाळचं, तिथे दादा असतो. एकेकाळी आमची भातशेती होती, आता त्या जागेवर गोडाऊनं आहेत, तशी ती सगळ्यांच्याच जागेवर आहेत. भाडेकरू कोण, माल कसला, करार कधी संपतो, हे सगळं दादा बघतो. मी माझा वाटा घेतो आणि विचारत काही नाही. न विचारण्याची मला सवय आहे. लहानपणी मला घरात शहाणं पोर म्हणायचे, ते मी गप्प बसायचो म्हणून.

दर रविवारी सकाळी गावातल्या समाजमंदिरात मी बायकांचा मराठीचा वर्ग घेतो. गोडाऊनमध्ये हमाली करणाऱ्यांच्या, कापडाच्या लूमवर शिफ्ट करणाऱ्यांच्या बायका. उत्तरेकडून आलेल्या. त्यांना मराठी हवं असतं ते पोरांच्या शाळेसाठी आणि दवाखान्यातल्या खिडकीसाठी. त्या खिडकीवरची बाई हिंदीत बोललं की हमखास चिडते, असं त्यांचं म्हणणं. वर्गात मात्र त्या चिडत नाहीत. पोटभर हसतात, माझ्यावरही.

'माझं घर' हा धडा आला. वर्कशीटवर एक मोठा रिकामा चौकोन आणि खाली शब्द: दार, खिडकी, स्वयंपाकघर, मोरी, ओटा. घर वरून पाहिल्यासारखं काढायचं आणि प्रत्येक जागेला नाव द्यायचं. मी हे समजावून सांगितलं तर मागून एकजण म्हणाली, "सर, ऊपर से तो पत्रा ही दिखेगा." मी म्हटलं, पत्रा नाहीच असं धरून चाला. त्यावर दुसरी म्हणाली, पत्रा नसेल तर पावसात काय करायचं. शेवटी मी फळ्यावर माझंच राहनाळचं घर काढून दाखवलं. पुढे ओटी, मधली खोली, स्वयंपाकघर, मोरी, मागे पडवी.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी कागद आणून दिले. सगळ्यांच्या कागदावर माझंच घर. लूमच्या माळ्यावर पोरांसकट राहणाऱ्या बाईनेही पडवी काढलेली. एकीने माझ्या स्वयंपाकघराला जास्तीची खिडकी पाडली होती. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आपके यहाँ धुआँ भरता होगा सर, मैंने खिड़की लगा दी." मलाही हसू आलं. नवे कागद वाटले, आणि म्हटलं, इथेच बसून काढा, आणि जिथे तुम्ही झोपता ती जागा काढा.

सुरुवातीला सांगितली ती बाई नेहमी दाराजवळ बसायची. हडकुळी, पदर डोक्यावरून घेतलेली, मांडीवर लहान मुलगी. नवरा गोडाऊनमध्ये माल चढवायला आणि टेम्पोबरोबर हेल्पर म्हणून जायचा. तिने मोठा चौकोन काढला होता आणि आत लहान लहान चौकटींच्या रांगा. तो माल. एका टोकाला पत्र्याच्या आडोशाची खोली, तिथे 'घर' असं लिहिलेलं. पण मोठ्या चौकोनाचा मागचा एक कोपरा तिरपा कापलेला होता. मला वाटलं हात चुकला. मी लाल पेनने तो कोपरा सरळ करून दिला.

"नाही सर," ती म्हणाली, "तो कोना असाच आहे. कटा हुआ."

मी कागद परत पाहिला. कापलेल्या कोपऱ्यात, तिरप्या भिंतीवर, तिने एक दार काढलं होतं. राहनाळमध्ये गोडाऊनं पुष्कळ आहेत, पण कोपरा कापलेलं आणि त्या तिरप्या भिंतीत दार असलेलं एकच आहे, आणि ते आमचं आहे.

मी वेळ काढायला म्हणून पुढच्या बाजूला बोट ठेवलं. शटरच्या बाहेर तिने कुलूप काढलं होतं. विचारलं, कुलूप बाहेरून कसं?

"बाहेरूनच लावते सर. सुपरवायझर जेवायला जाते तेव्हा. माल चोरी होते म्हणून."

"आणि तुम्ही?"

"आम्ही अंदर."

शेजारची म्हणाली, "इसका आदमी बोलता है, मेरी बीवी लॉकर में रहती है." सगळ्या हसल्या. तीही हसली.

खरं सांगायचं तर इथवर मला नवल वाटलं नाही. बाहेरून कुलूप लावायची रीत आमच्या भागात नवी नाही. मला भीती वाटली ती पुढच्या बोलण्याची. तिने स्वतःच त्या मागच्या दारावर बोट ठेवलं आणि तिला जमेल त्या मराठीत सांगितलं की पुढून कुलूप असलं तरी हे दार आहे, आग-वाग लागली तर इथून निघायचं, छोटीलाही तिने शिकवून ठेवलंय. मी विचारलं, कधी उघडून बघितलंय का. ती म्हणाली, "सामने माल लगा है. पर लोहे का है सर, मजबूत. अंदर से कडी आहे." मग कागद माझ्यापुढे सरकवून विचारलं, "बरोबर?"

मांडीवरची मुलगी माझ्या पेनकडे बघत होती.

मी म्हटलं, "बरोबर." आणि खूण केली.

आता भिंतीचं सांगतो.

आमच्या त्या शेताच्या बांधाला चेडोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, दुसरं काही नाही. शेताचा राखणदार. भात झोडून झालं की त्याला कोंबडा आणि नारळ, हे आजोबांच्या आधीपासून. गोडाऊन बांधायचं ठरलं तेव्हा दगड हलवायचा नाही यावर दादा ठाम होता, म्हणून बांधकामाचा कोपरा कापून घेतला. नकाशा काढणाऱ्याने मागचं दार त्या तिरप्या भिंतीत दिलं. आत माल किती आणि बाहेर पडायची वाट कुठे, हे पाहून त्याने ते दिलं असणार. दगड त्याला माहीत नव्हता.

दार उघडलं की समोर दगड. हमाल तिथेच बसून जेवायचे, तिथेच हात धुवायचे, पलीकडे आडोशाला उभे राहायचे. दादा ओरडायचा. त्याच वर्षी माझ्या मुलीला ताप आला आणि तापात झटके येऊ लागले. आठवीत होती. ठाण्याच्या दवाखान्यात तिला काचेपलीकडे ठेवलं होतं आणि मला बाहेरच्या बाकावर. डॉक्टर म्हणायचे, औषध लागू पडतंय, थोडं थांबा. मला थांबता येत नव्हतं. गावाकडे काकीने भगताला आणलं. त्याने आमच्या घरी पाऊलही न टाकता सांगितलं, देवाच्या तोंडावर दार उघडतंय.

दादाचा फोन आला. "काय करू मास्तर? तुझी पोर हाय, तू बोल."

शाळेत मी मुलांना लिंबूमिरचीवर भाषणं दिलेली आहेत. भानामतीच्या गोष्टी कशा खोट्या, हे प्रयोग करून दाखवलेलं आहे. त्या बाकावर बसून मी एका शब्दाने हरकत घेतली नाही. उलट दवाखान्यात बायकोला बसवून मी राहनाळला आलो, विटा आणि सिमेंट स्वतः आणलं, आणि गवंड्याच्या डोक्यावर उभा राहिलो. गवंडी म्हणाला, लोखंडी दार काढून घेऊ, भंगारात बरं जाईल. मी म्हटलं, राहू दे. बाहेरून वीट लाव, आतून दार आहे तसंच दिसलं पाहिजे. उद्या कुणी नकाशा घेऊन तपासायला आलं तर दार कुठे गेलं असं विचारेल.

ही अक्कल माझी. दादाला ती सुचली नव्हती. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, शिकलेला माणूस घरात असावा म्हणाला.

मुलगी बरी झाली. औषधाने झाली हे मला माहीत आहे. पण भिंत पुरी झाली त्याच संध्याकाळी ताप उतरला, हेही मला माहीत आहे, आणि मनाच्या ज्या भागात हे दुसरं जाऊन बसलं तिथे मी कधी खडू नेला नाही. बायकोला भिंतीचं सांगितलं. तिने दगडाच्या दिशेने हात जोडले. लोखंडी दार आत तसंच ठेवलंय, हे तिला सांगायची गरज मला वाटली नाही.

त्या रविवारनंतर माझी झोप गेली असं म्हणणार नाही. झोप लागायची. जाग आल्यावर मात्र पहिला विचार तो दाराचा. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून राहनाळच्या बाजूचं आकाश दिसतं. भिवंडीत धुराचं कुणाला काही वाटत नाही. काळा लोट दिसला की लोक म्हणतात, कुठलं तरी गोडाऊन लागलं, आणि ताटातला घास तोंडात जातो. मीही तसाच होतो. आता मी दात घासताना गॅलरीत, चहा घेताना गॅलरीत. बायको म्हणाली, समोर कोण नवीन राहायला आलंय का. मी म्हटलं, हवा बघतोय.

आत काय माल आहे हे मी दादाला एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. अंगावर मारायच्या सेंटचे डबे, तो म्हणाला. माझ्या मुलीच्या कपाटात तसला एक डबा होता. त्याच्यावर ज्वाळेचं चित्र होतं. मी तो हातात घेऊन बराच वेळ उभा होतो आणि मग परत ठेवला.

मला दोन्हीकडून भीती वाटत होती. इथे मला कबूल करायला लाज वाटते ते हे. भिंत तशीच ठेवावी तर ती बाई आणि तिची मुलगी. पाडावी तर माझी मुलगी. ती आता पुण्याला कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते, तिला यातलं काही ठाऊक नाही. भिंत पाडायचा विचार मनात येऊन गेला आणि त्याच दिवशी तिचा फोन आला की सर्दी झालीय. सर्दीच ती. पण मी तिला इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, बाबा, तुम्ही ठीक आहात ना.

बाईला सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. ती दर रविवारी समोर बसत होती. ते दार खोटं आहे, एवढं एक वाक्य. मी ते घरून तयार करून नेत असे. वर्गात गेलं की वाटायचं, ती विचारेल, तुम्हाला कसं माहीत. मग सगळंच सांगावं लागेल, आणि सगळ्या बायका ऐकतील, आणि ती खिडकी पाडणारीसुद्धा ऐकेल. मग मी क्रियापदं शिकवायचो. उघडतो, उघडते, उघडतात.

असंच चालू राहिलं असतं, कदाचित वर्षभर. मी स्वतःला ओळखतो.

एका शनिवारी दुपारी शाळा सुटून मी घरी आलो, जेवायला बसण्याआधी गॅलरीत गेलो, आणि राहनाळच्या बाजूला धूर होता. काळा, दाट, जमिनीजवळून निघणारा. बायको म्हणाली, पान वाढलंय. मी चप्पल घालून खाली उतरलो. मोटारसायकल चालवताना आपण काय करतो आहोत हे मला कळत नव्हतं. कंटेनरच्या रांगेतून कसा निघालो देव जाणे. दादाला फोन लावायचंही सुचलं नाही. एकच कळत होतं, ही जेवायची वेळ आहे, सुपरवायझर बाहेर असणार.

धूर आमच्या गोडाऊनचा नव्हता. शेजारच्या मोकळ्या जागेत भंगारवाल्याने प्लास्टिक पेटवलं होतं, आणि वारा आमच्या पत्र्यावर येत होता. पत्र्याच्या फटींतून धूर आत जाताना दिसत होता. शटरला कुलूप. मी शटरवर हात आपटले, आतून उत्तर नाही. शटरवर सुपरवायझरचा नंबर रंगवलेला होता, तो लावला. फोन बंद. पेटवणाऱ्या पोरांना ओरडून सांगितलं की विझवा, आत माणसं आहेत. ती माती टाकायला लागली. आणखी धूर झाला.

मग मी मागे गेलो. बांधावरून, दगडाच्या बाजूने.

आतून आवाज येत होता. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा, पण विटांमधून येताना तो जाड झालेला, दूरचा वाटणारा. मालाच्या खोक्यांमधून अंग चोरून ती दारापर्यंत पोचली होती, कडी काढली होती. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं, म्हणून ती ते बाहेर ढकलत होती, आणि दारामागे माझी भिंत होती. मी प्लास्टरवर दोन्ही हात ठेवले. प्रत्येक धक्का तळव्यात जाणवत होता.

मी तिला हाक मारली. तिचं नाव मला हजेरीमुळे माहीत होतं, पण सुचलं नाही. "मी सर आहे," म्हणालो.

आतला आवाज थांबला. मग ती म्हणाली, "सर, बाहर से खोलो."

मुलगी खोकत होती. मला तेव्हा सांगता आलं असतं. त्या क्षणी ते सांगणं तर गरजेचंच होतं, कारण दार नाही हे कळलं असतं तर ती तिथून हलली असती. मी म्हणालो, "जाम झालंय. समोर या, चावी येतेय. खाली वाकून या, पदर ओला करून तोंडाला लावा."

"थोडा धक्का मारो सर. खुल जाएगा."

"नाही खुलणार. समोर या."

मग आणखी एक धक्का बसला, सगळ्यांत जोराचा. त्यानंतर आवाज आला नाही. मी धावत पुढे आलो तोवर सुपरवायझर पोचला होता, हात खरकटे, पोरांपैकी कुणीतरी त्याला हॉटेलातून उठवून आणला होता. त्याने शटर वर केलं. ती शटरशीच बसली होती, मुलीचं डोकं पदरात गुंडाळलेलं. खांद्याजवळ ब्लाउज फाटला होता. मुलीचे डोळे लाल झाले होते, पण ती रडत होती म्हणजे श्वास घेत होती. डॉक्टरकडे नेलं, त्याने डोळ्यांत थेंब घातले, घरी पाठवलं. तेवढंच. कुठे बातमी नाही, काही नाही. जाताना ती म्हणाली, "सर, तो दरवाजा जाम आहे. उसमें तेल डलवा दो."

मी म्हटलं, "डलवतो."

त्याच संध्याकाळी मी दादाकडे गेलो. भिंत पाडायचीय, म्हणालो. दादा झोपाळ्यावर बसला होता. त्याने पायाने झोपाळा थांबवला.

"मास्तर, तुला आता देवाची भीती न्हाय राहिली का?"

"आहे," मी म्हणालो. "तुझ्याहून जास्त आहे."

"मंग?"

मी त्याला आत कोंडलेल्या मायलेकींबद्दल सांगितलं. बाईने लोखंडावर खांदा मारल्याचं सांगितलं. खूण केल्याचं सांगितलं नाही. दादा काही कठोर माणूस नाही. त्याने तोंड पुसलं, आत जाऊन पाणी पिऊन आला. म्हणाला, उद्या तुझ्या पोरीला काय झालं तर माझ्याकडे येऊन रडू नको. मी म्हटलं, येणार नाही. असं म्हणून मी पायरीवर बसलो.

मग तो म्हणाला, "मधी पत्रा तरी मार. दाराच्या आन् दगडाच्या मधी. त्याला दिसायला नको, झाला."

एक पत्रा. दारापासून चार हात अंतरावर उभा केलेला एक पत्रा, बाजूने माणूस जाईल एवढी वाट ठेवून. देवाच्या तोंडावर दार नको, तर मध्ये आडोसा करायचा. हे तेव्हाही करता आलं असतं. सगळ्या घरात कुणाला सुचलं नाही, कारण ते शोधायला कुणी बसलंच नव्हतं. मी तर आतून दार कसं दिसेल ते शोधण्यात गुंतलो होतो.

गावच्या गवंड्याने पाडायला नकार दिला. मी नाक्यावरून बाहेरगावचा एक माणूस आणला. आधी दगडापुढे नारळ फोडला आणि मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने घण घालायला सुरुवात केली तेव्हा मी मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही. ती वर्गात होती, असं नंतर कळलं. मधल्या त्या वेळात मी त्या माणसाला तीनदा थांबायला सांगितलं आणि तीनदा चालू कर म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, एकदा नक्की सांगा, हात आखडतोय."

दुपारपर्यंत भिंत गेली; आत त्या बाईला सुपरवायझरने दाराचं काम चाललंय एवढंच सांगितलं होतं. दाराच्या बाहेरच्या अंगाला सिमेंटचे ओघळ चिकटले होते, ते खरवडले. बिजागऱ्यांत खरोखरच तेल घातलं. पत्रा मारला. आतला माल सरकवायला सुपरवायझर कुरकुरला, तेव्हा दादा स्वतः येऊन उभा राहिला आणि त्याने एवढंच विचारलं की जागा कुणाची. वाट मोकळी झाली. पुढच्या शटरला दुपारचं कुलूप अजून लागतं. ते लावणं थांबावं म्हणून मी दादाच्या मागे आहे, तो भाडेकरूच्या मागे आहे.

भिंत पाडल्याचं बायकोला माहीत नाही. मुलगी ठणठणीत आहे. तिचा फोन आला की अजून मी पहिल्या शब्दाआधी तिचा श्वास ऐकतो.

आणि ती बाई वर्गात येते. तिचा खांदा बरेच दिवस काळानिळा होता. तिने सगळ्यांना सांगितलंय की सरांनी दाराला तेल घातलं, आता बोटाने ढकललं तरी उघडतं. आभार म्हणून एकदा डब्यात घरची लिट्टी आणली होती. मी ती खाल्ली. बाकीच्या बायका आता आपापल्या कागदांवर मागची दारं काढतात, आणि मला म्हणतात, सर, आमच्याकडे पण येऊन बघा ना, तेल टाकून द्या. त्यातली काही गोडाऊनं माझ्या चुलत्यांची आहेत, काही दुसऱ्या गावांतली, शेलारकडची. बांध सगळीकडे होते, आणि बांधांवर असे दगडही. कुठल्या दारामागे काय आहे, मला माहीत नाही. मी जायला लागलोय. आतून कडी काढतो आणि ढकलतो. आतापर्यंत पाहिलेली उघडली. प्रत्येक वेळी ढकलण्याआधी मी तळवे शर्टाला पुसतो.

हे लिहिणं मला जमलं, कारण ती हे वाचणार नाही. तिचं वाचन अजून जोडाक्षरांपर्यंत आलेलं नाही, आणि ते तिथवर आणणारा मीच आहे. म्हणून हे लिहिणं म्हणजे सांगणं धरू नये. दार जाम झालं नव्हतं, तिथे भिंत होती, ती मी बांधली होती, आणि तिने विचारलं तेव्हा मला ते ठाऊक होतं. हे तिच्यासमोर उभं राहून, तिला कळेल त्या भाषेत, तोंडाने सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.